बत्तीस बोर

माझा भाऊ गेला त्या वर्षीच्या दिवाळीआधी बाबांनी हत्याराच्या परवान्यासाठी अर्ज केला. घरात कोणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही. एका सकाळी धुतलेलं धोतर नेसून ते भंडाऱ्याला निघाले, तेव्हा आईनं विचारलं, "सूत आणाले जाऊन राहिले का?" बाबा म्हणाले, "नाही. कलेक्टर कचेरीत काम आहे." भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. आता आपल्या कचेरीत आपलीच गर्दी, कामं लवकर होतात, असं बाबा पूर्वी हसत सांगायचे. त्या दिवशी मात्र ते हसले नाहीत, चपला घालून बाहेर पडले.

आमचं घर मोहाडीतलं. पिढ्यान्‌पिढ्या विणकरांचं. मागच्या पडवीत माग चालायचे, आणि त्यांची खटखट इतकी अंगवळणी पडलेली होती की ती थांबली की आम्ही मान वर करून पाहायचो. बाबा कोशाचं, म्हणजे रानातल्या रेशमाचं, कापड विकायचे. धोतरं, साड्या, शेले. गिऱ्हाईक आलं की आधी पाणी, मग चहा, मग त्याच्या गावची सगळी चौकशी, आणि मग कुठं गाठोडं सुटायचं. बोलण्यात त्यांचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता. पुढचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. मागच्या दाराला कडी होती, पण ती दिवसा लावलेली मला आठवत नाही. कामगार, शेजारणी, भावाचे मित्र, सगळे त्याच दारानं यायचे आणि बरेचदा सरळ स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी प्यायचे.

भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आम्ही दोघंही मागावर बसायला शिकलो ते बरोबरच. तो शांत होता. बाबा चार तास बोलले की हा चार वाक्यं बोलायचा, पण गिऱ्हाईक जाताना त्यालाच सांगून जायचं. कापडाला हात लावून कोसा कुठल्या जंगलातला ते ओळखायचा. निदान तसं तो म्हणायचा, आणि खोटं ठरवायला आमच्यापैकी कोणाला तेवढं कळत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं होतं. दागिने नागपूरहून घडवून आणले होते आणि आईनं डबा तांदळाच्या कोठीत, तांदळाच्या खाली ठेवून दिला होता. हे घरातल्या चौघांनाच माहीत. लग्नाला महिनाभर असताना भावाला कावीळ झाली. डोळे पिवळे, अंगात त्राण नाही, पेज आणि उसाचा रस एवढंच पोटात. त्यातच दिघोरीला मामाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आलं. आई जायला तयार नव्हती. भाऊच म्हणाला, "जा ना तुम्ही. मले का कोणी उचलून नेते? शेजारची काकू पेज देईन."

निघताना बाबा दारातून वळले आणि म्हणाले, "घराकडे पाहजो, बाबू."

हे वाक्य त्यांनी आम्हा दोघांना लहानपणापासून किती वेळा म्हटलं असेल. बाजाराला निघाले तरी म्हणायचे, शेजारी निघाले तरी म्हणायचे. त्यात काही अर्थ नसायचा. येतो म्हणावं, तसं ते होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं जण मागच्या दारानं आत शिरले. कामगार एका लग्नाला गेले होते, त्यामुळे माग बंद होते. मे महिन्याची दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही, घराघरात कूलर घरघरत होते. कोणाला काही ऐकू आलं नाही. शेजारची काकू चहाच्या वेळेला पेज घेऊन आली, तिला भाऊ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलेला दिसला. डोक्याला मार होता. हात बांधलेले होते. लोकांनी त्याला जीपमध्ये घालून भंडाऱ्याला नेलं. निरोप मिळाल्यावर आम्ही दिघोरीहून तसेच निघालो. पोचलो तेव्हा त्याच्या अंगावर चादर ओढलेली होती.

घरातली कपाटं उपसलेली होती. कोशाचे गठ्ठे फरशीवर उलटेपालटे पडले होते. तेराव्यानंतर केव्हातरी आईनं कोठीचं झाकण उघडलं आणि तांदळात हात घातला. डबा होता तिथंच होता.

म्हणजे त्यांनी त्याला विचारलं होतं, आणि त्यानं सांगितलं नव्हतं. आमच्यापैकी कोणी हे कधी मोठ्यानं बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. आई तो डबा हातात घेऊन जमिनीवर बसली, बाबा तिच्याकडे पाहत उभे राहिले, आणि मग मागे वळून पडवीत गेले.

माझ्या सासरच्या माणसांनी लग्न पुढं ढकलून थांबायचं कबूल केलं. पोलिसांनी बपेऱ्याच्या पलीकडून, मध्य प्रदेशातून, दोघांना पकडून आणलं. तिसरा कधी सापडला नाही. केस उभी राहिली आणि तारखा पडत गेल्या.

बाबा या कशातच लक्ष घालत नव्हते. तारखेला मामा जायचा. बाबांच्या डोक्यात परवाना होता. कचेरी, ठाणं, पुन्हा कचेरी. चौकशीला एक हवालदार घरी आले होते, भले माणूस. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते विचारत होते, "काकाजी, लिहावं लागते म्हणून विचारतो. जिवाले धोका कोणापासून आहे?"

बाबा म्हणाले, "ज्याच्यापासून होता, तो येऊन गेला."

हवालदारांनी लेखणी तशीच धरून ठेवली. मग त्यांनी काय लिहिलं कोणास ठाऊक. परवाना यायला वर्षाहून जास्त काळ लागला, पण आला.

परवाना आल्यावर ठराविक मुदतीत हत्यार घ्यावं लागतं. बाबांनी मला म्हटलं, "बाई, नागपूरले जाऊ. तू चाल." मला वाटलं, एकट्यानं जायला नको म्हणून नेत असतील. भाऊ गेल्यापासून त्यांचं कापडाचं गाठोडं उचलायलाही मीच जायची. आईनं डबा भरून दिला आणि कुठं जाताय ते विचारलं नाही. तिला माहीत होतं.

दुकान नागपूरच्या जुन्या बाजारपेठेत होतं. पुढं लोखंडी जाळी, आत एक लांब काचेचं टेबल, भिंतीवर साखळीत ओवलेल्या लांब नळीच्या बंदुका. तेलाचा वास येत होता, शिवणयंत्राच्या तेलासारखा. मालक सत्तरीच्या आसपासचे, पांढरा सदरा, जाड चष्मा. त्यांनी परवाना उलटून पाहिला आणि बाबांना खुर्ची दिली.

बाबा बसले नाहीत. म्हणाले, "मोठ्या बोराची, रुंद नळीची दाखवा."

"किती मोठ्या?"

"सगळ्यात मोठ्या. एक गोळी लागली का माणूस उठला नाही पाहिजे."

मालकांनी चष्मा काढून पुसला. "काकाजी, मोठे बोर फौजेचे अन् पोलिसांचे. आपल्यासारख्याले बंदी आहे. आपल्याले सरकार बत्तीसवर थांबवते."

"बत्तीसनं थांबते का माणूस?"

"कुठं लागली त्याच्यावर आहे. अन् चालवणाऱ्याच्या हातावर आहे. तुम्हाले वाटते मोठी गोळी म्हणजे चांगली. मोठ्या बोराले धक्काही मोठा. वजनही जास्त, सदऱ्याखाली लपत नाही. अन् घरात चालवसान तं भिंतीतून पार जाईन. भिंतीपलीकडे कोण बसलं आहे, ते गोळीले माहीत नसते."

बाबा म्हणाले, "दाखवा, आहे ते."

मालकांनी काचेवर फडकं अंथरलं आणि त्यावर एकेक हत्यार ठेवलं. मी अशी वस्तू पहिल्यांदाच जवळून पाहत होते. ते बोलत होते आणि मी ऐकत होते. रिव्हॉल्व्हरमध्ये गोल चक्री असते, सहा गोळ्या, अडकत नाही, गोळी न फुटली तर चाप पुन्हा ओढला की पुढची समोर येते. पिस्तूल चपटं, कमरेला दिसून येत नाही, गोळ्याही जास्त, पण आधी वरचा भाग मागं ओढून सोडावा लागतो आणि नीट सांभाळलं नाही तर अडकतं. ही एक जुनी परदेशी, हिची किंमत तुम्हाला परवडायची नाही. ही सरकारी कारखान्याची.

बाबांनी पिस्तूल उचललं. मालकांनी ते रिकामं असल्याचं दोनदा उघडून दाखवलं. बाबांनी वरचा भाग ओढून पाहिला. त्यांच्या अंगठ्यात जोर होता, जन्मभर सुताचे गठ्ठे बांधलेले हात ते. ओढला गेला. त्यांनी पुन्हा ओढला, सोडला. मग पिस्तूल माझ्यापुढं केलं.

"तू ओढ बरं."

मालक म्हणाले, "लायसन बाईच्या नावानं नाही ना?"

"नाही. खाली आहे ना ही? पाहू द्या तिले."

मी हातात घेतलं. वाटलं त्यापेक्षा जड होतं आणि गार होतं. मी ओढलं. अर्ध्यावर येऊन बोटं सटकली. पुन्हा ओढलं, तेव्हा पूर्ण मागं गेलं. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत नव्हते. माझ्या हातांकडे पाहत होते.

"तुह्या अन् त्याच्या हातात काही फरक नाही," ते हळूच म्हणाले. मग मालकांकडे वळले. "आजारी माणसाच्यानं हे ओढलं जाईन का? समजा कावीळ झाली आहे. आठ दिवस पेजेवर आहे. अंगात त्राण नाही."

तोवर मला वाटत होतं की बाबा स्वतःसाठी हत्यार घ्यायला आले आहेत. आईसाठी, घरासाठी, फार तर माझ्यासाठी. ते पिस्तूल हातात धरून मी उभी होते आणि मला कळत गेलं की बाबा त्या दुपारसाठी हत्यार निवडत आहेत.

मालकांना हे कळायचं कारण नव्हतं. ते म्हणाले, "कावीळ कोणाले आहे?"

"पोट्ट्याले."

"केवढा आहे?"

"बावीसचा."

"मग त्याच्या हाती देऊच नका. लायसन तुमच्या नावानं आहे. त्यानं हात लावला तं तुम्ही फसान. त्याले सांगून ठेवा, ह्याले हात लावायचा नाही."

बाबा म्हणाले, "तो नाही लावत."

मी पिस्तूल फडक्यावर ठेवलं आणि भिंतीवरच्या बंदुकांकडे पाहत राहिले.

मग बाबांनी रिव्हॉल्व्हर उचलून माझ्या हाती दिलं. याचा चाप ओढायचा होता. तर्जनीनं ओढला, तो जागचा हलेना. दोन्ही हातांनी धरून ओढला तेव्हा चक्री फिरली आणि खट्‌ झालं. बाबांनी मान हलवली. "नाही. त्याच्यानं झालं नसतं." त्यांनी दुसरं मागितलं, आखूड नळीचं. तेही माझ्या हाती दिलं. तेही कडक होतं. मग ते विचारायला लागले. दारातून आत येऊन खाटेपर्यंत यायला माणसाला किती वेळ लागतो, तेवढ्यात निघते का? उशीखाली ठेवली तर? समोर तिघं असले तर? एकाला लागली तर बाकीचे पळतात की अंगावर येतात? हात बांधायच्या आधी किती वेळ भेटते?

हे शेवटचं ऐकून मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी टेबलावरची सगळी हत्यारं एकेक करून फडक्याच्या एका बाजूला सरकवली आणि आत हाक मारून तीन चहा सांगितले.

"बसा, काकाजी," ते म्हणाले. या वेळी बाबा बसले.

चहा आला. मग मालक म्हणाले, "चाळीस वर्षं झाले मले इथं बसून. ज्याच्या घरी होऊन गेलं असते, तोच येते. ज्याच्या घरी होणार असते, तो कधी येत नाही. त्याले माहीतच नसते." त्यांनी बशीत चहा ओतला. "मी विकतो, माह्या पोटाचा धंदा आहे. पण खरं सांगतो. कुलपात ठेवली तं वेळेवर हाती येत नाही. उघडी ठेवली तं घरच्याच्या हाती येते. ह्याच्या मधली जागा मले अजून सापडली नाही."

बाबांनी विचारलं, "यातली कोणती असती तं तो वाचला असता?"

मालकांनी बशी खाली ठेवली. "मले नाही सांगता येत," ते म्हणाले.

बाबांनी चहा तसाच ठेवला. मला वाटलं, आता ते उठतील आणि आम्ही रिकाम्या हातानं बस धरू. पण त्यांनी आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हीच द्या."

मालकांनी कमरेला लावायचं चामड्याचं कव्हर दिलं. सदऱ्याखालीच ठेवा, चारचौघांत दाखवू नका, लग्नावऱ्हाडात नेऊ नका, चाप सोडून बोट बाहेर ठेवा, असं सगळं परत परत सांगितलं. बाबा हो हो म्हणत होते. परतीच्या बसमध्ये पिशवी त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली. वरठीच्या रेल्वे फाटकात बस उभी राहिली, तेव्हा एक बाई उकडलेल्या शेंगा विकायला चढली. बाबांना त्या फार आवडायच्या. मी विचारलं, घेऊ का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

ठाण्यात नोंद करून आम्ही घरी आलो. बाबांनी रिव्हॉल्व्हर काढून पाटावर ठेवलं. आई भाजी चिरत होती. तिनं विळी बाजूला सारली आणि ते पाहिलं.

"हे आता कोणासाठी?" ती म्हणाली.

"घरासाठी."

"घरात कोण आहे?"

बाबांनी रिव्हॉल्व्हर उचलून कमरेला लावलं. आईनं विळी परत ओढली. त्या दिवसानंतर ज्या खोलीत ते हत्यार असे त्या खोलीत ती झोपली नाही, आणि ते रोज बाबांच्या कमरेला असल्यामुळे ती माझ्याजवळ झोपायला लागली.

आता पुढचं दार बंद राहायला लागलं. मागच्या दाराला बाबांनी नवी कडी बसवून घेतली, पण कामगारांना ये-जा करायची म्हणून ती दिवसा उघडी ठेवावी लागायची, आणि तेवढा वेळ बाबा त्या दाराकडे तोंड करून बसायचे. अंगात नेहमी ढगळ सदरा, उन्हाळ्यातही. गिऱ्हाईक आलं तर आधी खिडकीतून पाहायचे. चहा व्हायचा, पण गावची चौकशी बंद झाली. गल्लीत सगळ्यांना कळलं होतं. शेजारची काकू पूर्वी बोलत बोलतच आत यायची, ती आता बाहेरून हाक मारायची आणि दार उघडेपर्यंत उभी राहायची. मागावरची माणसं खाकरत आत यायची. कोणी कोणाला असं करायला सांगितलं नव्हतं. आमच्या घरात येणारा प्रत्येक माणूस आपण कोण ते आधी ओरडून सांगायला लागला.

भावाचा एक मित्र होता. शाळेपासूनचा. भाऊ गेल्यावर तो गाव सोडून पुण्याकडे कामाला गेला होता. दोन वर्षांनी तो सुटीत आला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. जेवायच्या वेळेला, आधी शंभरदा आला होता तसा, मागच्या दारानं आत आला. पायात बूट होते, गावात कोणी दुपारी बूट घालून फिरत नाही, त्यामुळे पाऊल अनोळखी वाजलं. आई आणि मी चुलीपाशी होतो. बाबा पाटावर बसलेले. मी मान वर केली तेव्हा बाबा उभे होते आणि त्यांच्या हातात रिव्हॉल्व्हर होतं. ते कधी निघालं ते मला दिसलंच नाही. इतके दिवस त्यांनी त्याचाच सराव केला असणार.

तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होता. हातातली पिशवी त्यानं सोडली नाही, दुसरा हात अर्धवट वर गेला.

"काकाजी," तो म्हणाला. "मी आहे, काकाजी."

बाबा त्याच्याकडे पाहत होते. ओळख पटली होती, हे मला दिसत होतं, पण हात खाली येत नव्हता. आई उठली. तिनं बाबांच्या मनगटावर हात ठेवला आणि ते हळूहळू खाली नेऊन रिव्हॉल्व्हर काढून घेतलं. आजारी माणसाच्या हातातून पेला घ्यावा, तसं.

"ये, बेटा," ती त्याला म्हणाली. "हात धू. जेवाले बस."

तो बसला. मी ताट वाढलं. त्यानं वरणभात कालवला, पण घास तोंडाशी नेईना. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. बाबा भिंतीला टेकून उभे होते. रिव्हॉल्व्हर आईच्या हातात होतं. तिनं ते पदरात गुंडाळून धरलं होतं आणि तिला ते कुठं ठेवावं कळत नव्हतं.

शेवटी बाबाच बोलले. "तुले लागली असती," ते म्हणाले. "तुले लागली असती ना रे."

"नाही लागली, काकाजी," तो म्हणाला.

त्यानंतर तो आमच्या घरी आला, पण पुढच्या दारानं, आणि आधी फोन करून. त्याच्या जागी कोणीही असता तरी तसंच वागला असता.

त्याच सुमारास निवडणूक लागली. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. बाबा पहिल्याच दिवशी जाऊन जमा करून आले. मतदान झालं, निकाल लागला, ठाण्यातून परत नेण्याचा निरोप आला. बाबा गेले नाहीत. दुसऱ्यांदा निरोप आला, तेव्हा ते जाऊन हत्यार घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन थेट नागपूरला, त्याच दुकानात. मालकांनी ते हातात घेतलं. "राहू द्या माह्यापाशी," एवढंच म्हणाले. दुकानात अशी जमा ठेवता येते, त्याची पावती मिळते.

मला वाटलं होतं, आता बाबा मोकळे होतील. दार उघडतील, पूर्वीसारखे बोलायला लागतील. तसं झालं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर ते पडवीत जाऊन मागाच्या बाकावर बसले. भावाच्या बाकावर नाही, स्वतःच्याच. कामगार जेवायला गेले होते. थोड्या वेळानं मला एक आवाज ऐकू आला, आणि तो कशाचा आहे ते समजायला वेळ लागला, कारण भाऊ गेल्यापासून बाबांना मी रडताना पाहिलं नव्हतं. दवाखान्यात नाही, घाटावर नाही, तेराव्याला नाही. अर्ज, चौकशी, परवाना, बोर, नळी, कव्हर, या सगळ्यानं त्यांना उभं धरून ठेवलं होतं. तोवर एक काम बाकी होतं. आता काही बाकी नव्हतं. भर दुपारी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ते रडले. "मीच म्हटलं त्याले," ते म्हणत होते. "घराकडे पाहजो, मीच म्हटलं." आई जाऊन त्यांच्या शेजारी बसली. तिनं त्यांना थांबवलं नाही, समजूतही घातली नाही. तिनं दोन वर्षांपूर्वीच रडून घेतलं होतं आणि इतके दिवस ती एकटीच होती.

माझं लग्न त्या हिवाळ्यात झालं, देवळात, मोजक्या माणसांत. दागिने मी नको म्हटले. सासूबाईंनी आग्रह केला नाही, ते उपकार मी विसरलेली नाही. दोघा आरोपींपैकी एकाला शिक्षा झाली, एक सुटला. सुटला त्याचं नाव मामानं येऊन सांगितलं, तेव्हा बाबा सूत उलगडत होते. त्यांनी ऐकलं आणि सूत उलगडत राहिले. माग एकेक करून बंद झाले. बाबा त्यानंतर बरीच वर्षं होते, पण बोलके बाबा मी पुन्हा पाहिले नाहीत. माझ्या मुलांना त्यांचे आजोबा कमी बोलणारे म्हणूनच माहीत आहेत. मी त्यांना सांगते की ते गोष्टी सांगून गिऱ्हाइकांची बस चुकवायचे, तर मुलं माझ्याकडे पाहतात आणि मला जाणवतं की त्यांचा विश्वास बसलेला नाही.

बाबा वारल्यावर हत्याराचं काय करायचं हा प्रश्न आला. वारस म्हणून आपल्या नावावर परवाना मागता येतो, नाहीतर विकून टाकावं लागतं. मी नागपूरला गेले. जुने मालक गेले होते, त्यांचा मुलगा बसला होता. त्यानं आतून रिव्हॉल्व्हर आणलं, फडक्यावर ठेवलं आणि नंबर जुळवून पाहायला सांगितलं. मी पाहिला, सह्या केल्या. चकचकीत होतं, बहुतेक दर वर्षी कोणीतरी तेल देत असावं. त्यातून एकही गोळी कधी सुटली नव्हती.

"गिऱ्हाईक भेटते ह्याले?" मी विचारलं.

"भेटते ना, ताई. एक जण आधीच सांगून गेले आहेत. साकोलीकडचे. लायसन नवीनच आलं त्यांचं. परवा न्याले येऊन राहिले."

"कोण आहेत?"

"शेतकरीच आहेत. वयस्कर आहेत. बायकोले घेऊन आले होते."

त्यांच्या घरी काय झालं, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मुलगा पावती फाडत होता. मी ती घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि भंडाऱ्याची बस किती वाजता आहे ते विचारून बाहेर पडले.